टाकीचं तोंड

“ह्यो रंग ताजा हाय,” मी म्हटलं आणि माझं बोट रज्जाकच्या नाकासमोर धरलं. पेरावर राखाडी डाग होता.

रज्जाक ट्रेलरचा ड्रायव्हर. पन्नाशीचा, दाढी पिकलेली. चौसष्ट चाकांवर बेचाळीस टनांचा ट्रान्सफॉर्मर घेऊन नऊ दिवस चालला होता आणि त्या सकाळी करंजवाडीच्या माळावर, नव्या सबस्टेशनच्या फाटकात येऊन थांबला होता. अजून तोंडसुद्धा धुतलं नव्हतं बिचाऱ्यानं. पण कुणाला बिचारा म्हणायची माझी तेव्हा रीत नव्हती.

“धूळ आसंल, मौसी,” तो म्हणाला.

“धूळ झटकली की जाती. ही चिकटती. रंग फासून खपवायला ही काय थोराड नवरी हाय व्हय?”

माझी माणसं खो-खो हसली. अकरा जणांची टोळी होती माझी. आम्ही वडार. सासऱ्यानं जन्मभर दगड फोडला, नवऱ्यानं दगड सोडून यंत्रं उतरवायला घेतली, आणि नवरा गेल्यावर टोळी मी हातात घेतली. तेव्हा असल्या आडमाळावर मोठी क्रेन पोचत नसे. मग आम्हाला सांगावा यायचा. जॅक लावून यंत्र उचलायचं, खाली लाकडी स्लीपर रचायचे, त्यावर रूळ, रुळाला ग्रीस, आणि दोर-कप्पीनं बोटाबोटानं ओढत यंत्र त्याच्या ओट्यावर नेऊन बसवायचं. ‘ओढा’ ही हाक मी द्यायची. शाळा म्हणाल तर दुसरीत सुटली, नाव तेवढं काढता येतं. पण टोळीत पोटचे, परके, सगळे मला अव्वा, म्हणजे आईच म्हणत, आणि अव्वा म्हणताना जरा मान खाली घालत. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू.

यंत्राला दोर लावायच्या आधी मी त्याला एक फेरा मारते. हातानं चाचपत, ठोकत, वाकून बघत. जिथं पोचा, जिथं ओरखडा, तिथं खडूची फुली. कारण एकदा का आमचा दोर यंत्राला लागला, की आधीचा डागही आमच्याच माथी येतो. त्या दिवशी फेरा मारताना मागच्या कोपऱ्यावर हा रंग बोटाला लागला. नखानं खरवडलं तर खाली हातभर लांबीचा पोचा.

रज्जाक जवळ आला, हळू आवाजात म्हणाला, “मौसी, पुलावर रेडा आडवा आला. ब्रेक मारला, मागचा कोपरा कठड्याला टेकला. मशीनला कायबी झालं नाही. साहेबाला नका बोलू. मालक घरी बसवंल मला.”

“बस की घरी. निदान रेडं तरी वाचतील.”

पुन्हा हशा. रज्जाकनं मान खाली घातली. मी हाक मारली, “साहेब! हिकडं या. नवरीच्या अंगावर वण हाय.”

निमकर साहेब आले. सबस्टेशन उभं करण्याचं काम त्यांच्याकडं. तिशीतला काडीसारखा माणूस, जाड भिंगाचा चष्मा, आणि कुत्र्यालासुद्धा अहो म्हणेल असा. त्यांनी पोचा पाहिला, फोटो काढला. मग यंत्राच्या लोखंडी टाकीला बाहेरून एक पेटी बोल्टनं बसवलेली होती, ती उघडली. वाटेत यंत्राला किती धक्के बसले ते आपल्या आपण लिहून ठेवणारं घड्याळ होतं म्हणे तिच्यात. आतली कागदाची पट्टी त्यांनी उलगडली. सगळीकडं मुंगीच्या पावलासारखी रेघ आणि एका जागी भाल्यासारखी वर गेलेली.

“सहावा दिवस,” निमकर म्हणाले. “मावशी, तुमचं बोट आणि हे यंत्र एकच सांगतंय.”

“यंत्राला म्हनावं, लई उशिरा सांगितलंस.”

“आता नुसतं बसवून भागणार नाही. ओट्यावर नेलं की टाकी उघडून आतून तपासावं लागेल. आतल्या तारेच्या गुंडाळ्या हलल्या असतील तर मशीन परत कारखान्यात.” मग ते रज्जाककडं वळले. “आणि तपासणी होईपर्यंत तुमच्या कागदावर मी सही करू शकत नाही. थांबावं लागेल तुम्हाला.”

 रिकामा झाल्यावर रज्जाकनं ट्रेलर तारेच्या कुंपणापाशी लावला आणि त्याच्याच सावलीत स्टोव्ह पेटवून बसला. जाता-येता मी त्याला “काय रे, रेडा कसा हाय?” असं विचारायचे.

यंत्र खाली घ्यायला आणि ओढायला आम्हाला अडीच दिवस लागले. पहिल्याच दिवशी हणमाच्या हातून पाचर पडली.

हणमा माझा जावई. उंचापुरा, कमी बोलणारा, टोळीतला सगळ्यात ताकदीचा गडी. स्लीपरच्या थरावर उभा राहून जॅकखाली पाचर सारताना ती त्याच्या हातून निसटली आणि खाली दगडावर ठण्णकन वाजली. कुणाला लागलं नाही. पण आमच्यात एक रीत होती. माझ्या नवऱ्यानं घातलेली, आणि मी घट्ट केलेली. जड कामात ज्याच्या हातून वस्तू पडली, त्यानं ते काम संपेपर्यंत दोराला शिवायचं नाही. कळशी घ्यायची, पाणी वाहायचं, पंगतीला शेवटी बसायचं. आणि दसऱ्यापर्यंत सगळ्यांनी त्याला गळका म्हणायचं. आज वस्तू पडली, उद्या यंत्र पडेल, परवा माणूस. असं नवरा म्हणायचा. खोटंही नव्हतं ते.

“जावईबापू,” मी सगळ्यांसमोर म्हटलं, “कळशी तिकडं हाय.”

हणमाचं तोंड काळंठिक्कर पडलं. आमच्याकडं जावयाला पाय धुवायला पाणी देतात, त्याच्याकडून भरून घेत नाहीत. तेवढ्यात तिम्मा पुढं झाला. तिम्मा माझा थोरला. अठ्ठावीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, आणि माझ्यासमोर जोरानं खोकणारसुद्धा नाही असा.

“अव्वा,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “दाजी हायत ते. जाऊ दे की या टायमाला.”

“का? तुला कळशीचं भ्या वाटाय लागलं का आत्तापासनं? तुझ्या हातनं पडलं तर तुला दोन कळश्या. येक गळका म्हनून, आन् येक माझ्या पोटाला आला म्हनून.”

टोळी हसली. तिम्माही हसला, पण कसंनुसं. त्याची बायको शेवंता दोराच्या टोकाशी बसली होती, ती हसली नाही. हणमानं गुमान कळशी उचलली.

तिसऱ्या दिवशी दुपारी यंत्र ओट्यावर बसलं. केसाचाही फरक नाही. निमकरांनी पाणसळ लावून पाहिली आणि मला नमस्कार केला. मी म्हटलं, “मला नगं, दोराला करा.” आणि मनातून फुगले.

मग उघडायचं काम. ही यंत्रं तेलानं भरलेली असतात, पण वजन कमी व्हावं म्हणून वाटेत तेल नसतं. त्याच्या जागी एक वायू कोंबलेला असतो, म्हणजे आत दमट हवा शिरत नाही. निमकरांनी नळ उघडला. फुस्स करून बराच वेळ आवाज येत राहिला आणि मग थांबला. त्यांनी सगळ्यांना शिडीपाशी जमा केलं.

“नीट ऐका,” ते म्हणाले. “या वायूला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. पण त्यात माणसाला श्वास मिळत नाही. आत्ता नळाचा आवाज थांबला म्हणजे वायू गेला असं नाही, टाकीत तो तसाच भरलाय. कोरड्या हवेची नळकांडी तालुक्याहून निघालीत. ती हवा आत सोडायची, मीटरनं मोजायची, मगच मी आत उतरणार. तोवर कुणी तोंडसुद्धा आत घालायचं नाही.”

“कंदील सोडून बगा की,” मी म्हटलं. “इझला तर समजायचं.”

“कंदील?”

“हिरीत सोडत्यात तसा. माझ्या म्हायारी जुन्या हिरीचा गाळ काढाय चुलता उतरला, त्यो वर येईना. मग बाप उतरला. मग मामा. तिगंबी गळानं काढलं. मी नऊ वरसाची हुते, काठावर हुबी. कुनाला कंदील सुचला न्हाई तवा.”

निमकर माझ्याकडं बघत राहिले. “मावशी, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं यातलं. पण इथं तेलाचा अंश आहे, दिवा नको. मीटरच बरा.”

टाकीच्या माथ्यावर माणूस जेमतेम शिरेल एवढं गोल भोक असतं. आम्ही त्याला तोंड म्हणतो. त्याचं झाकण काढून ठेवायचं, रबराची कडी बदलायची, आणि हवा येईपर्यंत तोंडावर प्लास्टिक ताणून बांधायचं, एवढं काम होतं. “खिशातलं सगळं खाली काढून ठेवा,” निमकर म्हणाले, “आणि पाना मनगटाला दोरीनं बांधा. आत टाचणी पडली तरी मशीन बाद.”

“माज्या मान्सांच्या हातनं पडत न्हाई,” मी म्हटलं. हणमा कळशी घेऊन उभा होता. मी त्याच्याकडं बघून म्हटलं, “म्हंजे आता पडत न्हाई.”

वर तिम्मा गेला. निमकर नळकांड्यांची गाडी कुठवर आली ते बघायला ऑफिसात गेले, तिथं फोन होता. आम्ही खाली स्लीपर गोळा करत होतो. पान लावून तोंडात टाकलं आणि सहज वर बघितलं. प्लास्टिकचं एक टोक वाऱ्यावर फडफडत होतं.

“तिम्या, टोक बांद की. फडकं वाळत घाटलंयस का?”

मी पुन्हा हाक मारली.

“तिम्या!”

प्लास्टिक फडफडत होतं. मला राग आला. आधी रागच आला. शिडी चढताना मी त्याला काय काय बोलायचं ते जुळवत होते. वर पोचले. माथ्यावर कुणी नव्हतं. बोल्ट एका रांगेत मांडून ठेवलेले, चपला शेजारी शेजारी काढलेल्या. देवळाच्या पायरीवर काढाव्यात तशा.

मी तोंडातून खाली पाहिलं. माझ्यापासून दोन हात खाली त्याचं डोकं होतं. गुंडाळ्या आणि टाकीची भिंत यांच्यातल्या फटीत तो उभ्याउभ्याच खाली बसल्यासारखा, हनुवटी छातीवर, झोप लागावी तसा. मी हाक मारली नाही. मला हाक सुचलीच नाही. तोंडातलं पान तसंच राहिलं. कानात कसला आवाज येईना, खालची माणसं बोलताना दिसत होती, पण बोलणं ऐकू येत नव्हतं. एवढंच आठवतं की त्याच्या टाळूवर केस जरा विरळ झाले होते आणि ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

“अव्वा, काय झालं?” शिडीवरून हणमा येत होता. मी नुसतं बोट दाखवलं. त्यानं आत पाहिलं आणि पुढच्या क्षणी त्याचा एक पाय तोंडात होता.

तेव्हा माझा आवाज आला. आवाज कसला, नुसतं ओरडणं. मी त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला मागं ओढलं, दोघं माथ्यावर पडलो, आणि तो उठायच्या आत मी त्या तोंडावर जाऊन बसले. पाय आवळून, दोन्ही हात कडेला रोवून.

“सरक, अव्वा!”

“न्हाई.”

“तिम्मा मरंल!”

“तू उतरलास तर दोगं मरशीला. तुझ्यामागं तिसरा उतरंल. हवा आना! खालनं हवा आना!”

खाली सगळे तोंड वर करून उभे. हवा आणा म्हणजे काय आणा, कुणाला कळेना. एक जण कळशी घेऊन शिडीकडं धावला. शेवंता मात्र काहीच न विचारता वर आली. कशी आली कळलं नाही, शिडीला तिचे पाय लागले नसावेत. माझ्या मांड्यांच्या फटीतून तिला त्याचं डोकं दिसलं. ती माझ्या अंगावर आली. केस ओढले, तोंडावर मारलं, माझ्या हाताचा चावा घेतला. ते दात अजून मनगटावर आहेत.

“ऊठ! ऊठ म्हनते! खाल्लास की गं त्याला! राक्षीन, ऊठ!”

मी उठले नाही. माझ्या खाली माझा मुलगा श्वासावाचून बसला होता आणि मी त्याच्यावर झाकण होऊन बसले होते. मी उठले असते तर शेवंता उतरली असती, मग हणमा. मला ते दिसत होतं. विहिरीच्या काठावर उभी राहून दिसावं तसं. आणि तरी सांगते, त्या वेळी मला माझीच शिसारी आली. माझं अंग मला कुणा दुसऱ्याचं वाटत होतं.

“मौसी! हवा! हवा आणली!”

रज्जाक. त्यानं ट्रेलर सुरू करून थेट ओट्याला आणून भिडवला होता. टायरमध्ये हवा भरायची लांबलचक रबरी नळी खांद्यावर टाकून तो शिडी चढत होता. टोळीतल्या एकालाही जे कळलं नाही ते त्याला कळलं. नळीच्या टोकातून हवा सूं सूं करत होती.

मी बाजूला झाले. नळी आत सोडली, तिम्माच्या तोंडापाशी. “आता,” मी हणमाला म्हटलं, “कमरंला दोर बांद. डोक्याकडनं उतरायचं. पाय आमी धरतो. नळीच्या तोंडाशी तोंड ठेव. चक्कर आली तर पाय झाड.”

चौघांनी हणमाचे घोटे धरले. तो डोक्याकडून आत गेला, कंबरेपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. आतून नळीचा आवाज आणि त्याची धाप. त्यानं तिम्माच्या काखेतून दोर फिरवला, गाठ मारली, आणि ओरडला. त्याला बाहेर घेतलं. डोळे लाल, पण शुद्धीत.

आता ओढायचं. सगळ्यांचे हात दोराला लागले आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. वीस वर्षं मी ती हाक देत होते. मी तोंड उघडलं. काही निघेना. पान गालात अडकलेलं आणि जीभ टाळूला.

“ओढाऽऽ!” शेवंतानं हाक दिली. “हळूऽ! डोकं बगा! ओढाऽऽ!”

तिच्या हाकेवर तिम्मा वर आला. ओठ जांभळे, डोळे अर्धे उघडे आणि त्यात काही नाही. त्याला माथ्यावर आडवा करताना सदऱ्यातून काहीतरी घसरलं आणि पत्र्यावर खणखणत दूर गेलं.

पाना होता. मोठा, बोल्ट ढिले करायचा. त्याला दोरी बांधलेली नव्हती.

सगळ्यांनी पान्याकडं पाहिलं. मग कुणीच माझ्याकडं पाहिलं नाही.

निमकर धावत आले होते. चष्मा कुठंतरी पडलेला. त्यांनी तिम्माच्या तोंडाला तोंड लावून हवा फुंकली, छाती दाबली, पुन्हा फुंकली. काडीसारखा माणूस, पण छाती दाबताना टाकीचा पत्रा वाजत होता. मी हात जोडून उभी होते का बसले होते, ते आता सांगता येणार नाही. मी फक्त त्या पान्याकडं बघत होते. आत उतरायला माणूस वेडा नव्हता. त्यानं साहेबांचं सगळं ऐकलं होतं. श्वास कोंडून खाली जायचं, पाना उचलायचा, वर यायचं. पोहायच्या विहिरीत बुडी मारून पैसा काढतात तसं. दम धरण्यात तर पहिल्यापासून पटाईत होता. पाना पडल्याचं कुणाला कळायच्या आत.

तिम्मानं एक आचका दिला. मग खोकला. मग असा श्वास घेतला, की सबंध माळाची हवा त्याला पुरणार नाही. शेवंतानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि गदागदा रडायला लागली. निमकर दवाखान्यासाठी जीप बोलवायला खाली धावले. कुणीतरी हणमंतरायाचा जयजयकार केला.

तिम्माचे डोळे उघडले. बायकोच्या मांडीवर डोकं होतं, तिचे अश्रू त्याच्या तोंडावर पडत होते. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. डोळे इकडंतिकडं फिरले, मी सापडले, आणि तो हातावर उठून बसायची धडपड करायला लागला.

“अव्वा,” तो म्हणाला. आवाज फाटक्या कापडासारखा. “पाना पडला न्हाई. हातातच हुता.”

मरणाच्या दारातून आलेल्या माणसाचं पहिलं वाक्य. मी त्याला नऊ महिने वागवलं, अठ्ठावीस वर्षं पाहिलं. आणि त्याला सगळ्यात आधी भीती आठवली ती माझी. मी शिडीचा कठडा धरला. 

“व्हय,” मी म्हटलं. “न्हाई पडला. नीज आता.”

त्यानं सुटल्यासारखे डोळे मिटले. ते मला जास्त लागलं.

जीप आली. त्याला खाली उतरवून मागच्या बाकावर घातलं, शेवंता शेजारी बसली. रज्जाकनं आपली चादर आणून त्याच्या अंगावर टाकली. रज्जाककडं बघायचं धाडस मला झालं नाही. आपली नळी गुंडाळत तो बाजूला झाला. मी त्याची सही अडकवली नसती तर तो दोन दिवसांपूर्वीच निघून गेला असता.

निमकरांनी चष्मा शोधून घातला आणि कागदाची फळी घेतली. “मावशी, ही वेळ नाही. पण आत्ताच लिहून याच जीपबरोबर वर कळवावं लागतं. मी इतकं बजावलं होतं. तो आत का उतरला?”

टोळी गोळा झाली होती.  पाना वरच राहिला होता, चष्मा नसल्यानं तो निमकरांनी पाहिला नव्हता. पाना पडला म्हणून, असं सांगितलं असतं तर कागदावर तिम्माचं नाव. साहेबाचा हुकूम मोडला, यंत्रात वस्तू पाडली. त्याला पुन्हा कुणी दोराजवळ उभं केलं नसतं. दोष स्वतःवर घ्यायचा, तर घेणारीला काम सोडावं लागणार.

“मी पाठवला,” मी म्हटलं.

“तुम्ही?” निमकरांचा आवाज चढला. तो चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. “कंदिलाचं तुम्ही सांगितलंत मला! तुमचे वडील... आणि तुम्हीच पाठवलंत? कशाला?”

“वाट बगत बसायचा कटाळा आला. म्हटलं, बगून ये आत काय मोडलंय का. लिवा तसं.”

जीपमधून तिम्माचा आवाज आला. “न्हाई साहेब. अव्वानं न्हाई... खोटं हाय त्ये...”

“तू गप!” मी ओरडले. सवयीचाच आवाज निघाला. तो गप्प झाला.

निमकर माझ्याकडून जीपकडं, जीपकडून माझ्याकडं बघत राहिले. “मावशी, हे लिहिलं तर तुमची टोळी बंद होईल. तुम्हाला कळतंय ना? मला खरं सांगा.” मग ते इतरांकडं वळले. “कुणी ऐकलं का यांनी त्याला पाठवताना?”

कुणी मान वर करेना. निमकरांनी पेन खाली केलं. आता ते लिहिणार नाहीत, असं मला वाटलं.

“म्या ऐकलं,” हणमा म्हणाला.

तो गर्दीच्या मागं उभा होता. डोळे अजून लालभडक. पुढं आला आणि माझ्यासमोर थांबला. तीन दिवसांत त्यानं एकदाही माझ्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं, आता पाहिलं.

“अव्वानंच पाठवला, साहेब. तिच्याबिगर दुसरं कोन पाठवनार?”

निमकरांनी लिहिलं. मी खाली नाव काढलं. पुढची दोन वर्षं आम्हाला कुठल्याही सबस्टेशनाच्या फाटकातून आत घेतलं नाही. त्यानंतर घेतलं, तेव्हा ओढीची हाक शेवंता द्यायची आणि दोराला पहिला हात तिम्माचा असायचा. यंत्र मात्र सुखरूप निघालं, आतल्या गुंडाळ्या जागच्या जागी होत्या.

हणमा आजही सणाला येतो, पाया पडतो. बावीस वर्षं झाली. त्या दिवशी तो माझ्यासाठी खोटं बोलला, की खरं तेच बोलला, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.